वादळात भरकटलेला पाणपक्षी

पाचगणीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. तरीही मोठ्या वादळात समुद्रपक्षी घाटमाथ्यापर्यंत लोटले जाऊ शकतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकणालगत उत्तरेकडे सरकले. अशा दिवसांत टेबललँडच्या कातळावर एखादा अनोळखी पाणपक्षी निपचित बसलेला दिसल्यास काय करावे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

उडत नाही म्हणजे पंख मोडला, असे आपण चटकन धरून चालतो. वस्तुतः तो पुष्कळदा केवळ थकलेला व उपाशी असतो. आपल्या तळ्यांतील टिबुकलीची गोष्ट तर आणखी निराळी. तिचे पाय शेपटीच्या अगदी जवळ असतात; पाण्यावर धावत गेल्याशिवाय तिला उडताच येत नाही. रात्री ओला डांबरी रस्ता पाणी समजून ती उतरते आणि तेथेच अडकते. तिला उडविण्यासाठी वर फेकणे म्हणजे जमिनीवर आपटणेच होय.

भूतदयेपोटी आपण चोचीत पाणी ओततो. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. दूध-पाव त्याचे अन्नच नव्हे. टोचतो म्हणून चोच बांधावी, तर पाणकावळा आणि बूबी यांना बाहेरून नाकपुड्या नसतात. ते तोंडानेच श्वास घेतात. न्हाऊ घालावे, तर साबणाने पिसांचे पाणी अडविण्याचे सामर्थ्य जाते. पिसे भिजलेला पक्षी पाण्यात गारठतो, बुडतोही.

मग करावे काय? डोळे सांभाळून त्याच्यावर टॉवेल टाकावा, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे, खोके अंधाऱ्या व शांत जागी असावे आणि वन खात्यास त्वरित कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा पक्षी घरी पाळता येत नाही.

पशुवैद्याने तपासल्यावर, वारा पडल्यावर त्याला सोडावयाचे. टिबुकलीला धोमसारखा विस्तीर्ण जलाशय पुरतो. बूबीला मात्र समुद्रकिनाऱ्यावरच न्यावे लागते, कारण तिचे अन्न तेथेच आहे. खोके उघडून आपण मागे सरावे व जाण्याची घटका त्याची त्यालाच ठरवू द्यावी.