हंगामाला भांडवल कोणाचे?

वेंगुर्ल्यात डच वखारीची जुनी वास्तू आहे. सतराव्या शतकात ती उभारणाऱ्या कंपनीने 1602 साली भागधारकांकडून सुमारे 64 लाख गिल्डर जमा केले होते. जहाज माल घेऊन परत येईपर्यंत पैसा दीर्घकाळ अडकून पडे. तो तसा अडकू देण्यास तयार असलेली माणसे होती, म्हणून तो व्यापार झाला. आज वेंगुर्ल्याचा तरुण इंटरनेटवरून हापूस आणि काजूगर थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्नही मूलतः हाच असतो.

उद्योजकतेच्या व्याख्यानांतून संकेतस्थळ आणि जाहिरात यांचीच चर्चा फार होते. वस्तुतः संकेतस्थळ ही या धंद्यातील स्वस्तातील बाब आहे. महाग आहे तो हंगाम. मोहोराच्या आधीपासून फवारणी, राखण, मजुरी, पुढे पेट्या आणि वाहतूक असा खर्च सुरू होतो. आंबा मात्र मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत हाती येतो. मधले महिने अनेक बागायतदारांना आजवर वाशीच्या दलालाने निभावून नेले. तो आगाऊ उचल देतो आणि माल आपल्याकडे बांधून घेतो. दलालाला दोष देणे सोपे आहे. पण फारशी कागदपत्रे न मागता वेळेवर पैसा देणारा पुष्कळदा तोच एक असतो, हेही मान्य करावयास हवे. उचल घेतलेल्याचा आंबा इंटरनेटवर येण्यापूर्वीच विकला गेलेला असतो.

बँकेकडे जावे तर तारणाचा प्रश्न येतो. कोकणात घर आणि बाग बहुधा सामाईक. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची लांबलचक यादी आणि त्यांतील कित्येकजण मुंबईत. इतक्या सह्या गोळा करणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो! 2015 च्या मुद्रा योजनेने 10 लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय केली. 2024 च्या अर्थसंकल्पात, आधीचे 'तरुण' गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी ही मर्यादा 20 लाखांवर नेण्याची घोषणा झाली. परंतु हप्ता दरमहा आणि मिळकत वर्षातून दोन महिने, हा विसंवाद मर्यादा वाढवून मिटत नाही. पीककर्जाची परतफेड हंगामाशी जोडली जाते. तोच न्याय पीक विकणाऱ्या नवउद्योगाला लावण्यात कोणती अडचण आहे, याचा खुलासा बँकांनी केला पाहिजे.

राहता राहिले साहस भांडवल. दहांतील बहुतेक गुंतवणुकी बुडतील, पण एखादी अनेक पटींनी वाढून सर्वांची भरपाई करील, हे त्याचे गणित. हापूसचे कलम धरायलाच काही वर्षे लागतात. त्याच्या भरवशावर विक्री दरवर्षी दुप्पट करण्याचे वचन जो देईल, तो लवकरच दुसऱ्या जिल्ह्याचा आंबा वेंगुर्ल्याच्या नावाने पेटीत भरू लागेल. 2018 साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची मग काय किंमत राहील?

कोकणाचे स्वतःचे साहस भांडवल मात्र जुने आहे. गिरणीतील चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर येथील चुली पेटल्या. ॲमेझॉनच्या आरंभी, 1995 साली, जेफ बेझोस यांनाही आईवडिलांनीच सुमारे अडीच लाख डॉलर दिले होते. त्या पैशाच्या बदल्यात त्यांना कंपनीचे भाग मिळाले, हा तपशील महत्त्वाचा आहे. आपल्याकडे काकाने पुतण्याला दिलेले दोन लाख हे उसने, मदत की भागीदारी, हे कागदावर कधी येतच नाही. धंदा बुडाला तर अबोला, आणि चालला तर भाऊबंदकी. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार खाजगी कंपनीला 200 पर्यंत सभासद घेता येतात. सातबाऱ्यावरील सगळी नावे त्यात सहज मावतील. गणेशचतुर्थीला हे सारे सहहिस्सेदार एकाच माजघरात जमतात, आणि तेव्हा मोहोराला काही महिने अवकाश असतो.