गाडी खाली बसवताय? आधी चाकांचे गणित मांडा

जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी, रुंद चाकांची आणि चकचकीत अलॉय रिमची मोटार हे आता केवळ मुंबई-ठाण्याचे वैशिष्ट्य राहिलेले नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर वाशिंद, आसनगाव, शहापूर या पट्ट्यात आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर मुरबाडच्या परिसरातही अशा मोटारी नजरेस पडतात. स्प्रिंग बदलून गाडी तीन-चार सेंटीमीटर खाली आणणे हे गॅरेजमधले एका दिवसाचे काम. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. या गाडीला चाके आणि टायर कोणत्या मापाचे घालायचे? बहुतेकदा याचे उत्तर दिसण्यावरून ठरते. वास्तविक ते रस्त्यावरून ठरायला हवे.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत एकाच दिवसात तीन प्रकारचे रस्ते लागतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुका ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या रस्त्याशी जोडला गेला. दुसरीकडे कसारा आणि माळशेज हे घाट आहेत. तिसरीकडे शहापूर-किन्हवली-सरळगाव यांसारखे गावांना जोडणारे रस्ते, पावसाळ्यातले खड्डे आणि गावकऱ्यांनी आपल्या सोयीने उभारलेले गतिरोधक आहेत. चाकांची निवड या तिन्ही ठिकाणी तगणारी असावी लागते.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मि.मी. आर हे अक्षर टायरची रचना रेडियल असल्याचे दाखवते आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. रिमचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची अशी बेरीज केली की संपूर्ण चाकाचा व्यास मिळतो. या मापाचा व्यास येतो सुमारे ६२१ मि.मी.

मारुती सुझुकीच्या स्विफ्टचे उदाहरण घेऊ. तिच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर १४ आणि महाग प्रकारांना १८५/६५ आर १५ टायर मिळतात. दिसायला ही मापे अगदी वेगळी असली तरी दोन्हींच्या व्यासांत जेमतेम दोन मि.मी.चा फरक आहे. रिम मोठी केली तर टायरची बाजू तेवढीच कमी करायची आणि बाहेरचा व्यास कायम ठेवायचा, हाच चाके बदलण्याचा पहिला नियम. व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा असे मानले जाते.

हा नियम पाळला तर स्विफ्टसारख्या गाडीला १९५/५५ आर १६ हे माप चपखल बसते. त्याचा व्यासही सुमारे ६२१ मि.मी.च भरतो. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ मि.मी. होतो. तोही मर्यादेत बसतो. परंतु त्यात टायरच्या बाजूची उंची १२० वरून ९२ मि.मी.वर येते. खड्ड्याचा पहिला धक्का हीच बाजू झेलत असते, हे विसरून चालत नाही.

गतिरोधकाचे गणित

स्विफ्टच्या पोटाची जमिनीपासूनची उंची १६३ मि.मी. दिली जाते. गाडी ४० मि.मी. खाली आणली की उरतात १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असावा. त्याच्या वळणाची त्रिज्या १७ मीटर असते. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २.४५ मीटर आहे. म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढतात आणि मधला उंचवटा चाकांच्या पातळीच्या वर फक्त ४५ मि.मी. येतो. खाली आणलेली गाडीही सावकाश चालवली तर त्यावरून सुखरूप पार होते.

गावाबाहेरचा गतिरोधक मात्र अनेकदा दोन फुटांचा, उभ्या चढाचा असतो. तो दोन चाकांच्या मधोमध आला की त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. १० सेंटीमीटरचा असा उंचवटा १२३ मि.मी.तून वजा केला तर २३ मि.मी. शिल्लक राहतात. म्हशाच्या जत्रेला निघालेले कुटुंब सामानासह गाडीत बसले की स्प्रिंग दबून ही शिल्लकही संपते. मग ऑइल चेंबर आणि सायलेन्सर घासला जाणे अटळ ठरते.

याच टप्प्यावर सर्वांत मोठी गफलत होते. खाली आणलेल्या गाडीचे टायर मडगार्डला घासू लागतात. त्यावर उपाय म्हणून २०५/४० आर १७ असे लहान व्यासाचे टायर बसवले जातात. त्यांचा व्यास आहे ५९६ मि.मी. व्यास जेवढा कमी होतो त्याच्या निम्म्याने गाडी आणखी खाली येते. म्हणजे येथे सुमारे १३ मि.मी.ने. २३ मि.मी.ची शिल्लक १० वर येते. शिवाय वेगमापकावर १०० चा आकडा दिसतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९६ च्या आसपास धावत असते आणि किलोमीटरची नोंदही वाढीव होते. घासण्याचा त्रास गेल्यासारखा वाटतो, पण तो मडगार्डवरून पोटाखाली सरकलेला असतो.

रुंदी आणि ऑफसेट

चाक किती आत किंवा बाहेर बसणार हे ऑफसेटवर ठरते. रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला जेथे टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे हे अंतर. रिमवर ते ईटी या अक्षरांपुढे लिहिलेले असते. समजा, ६ इंच रुंदीची ईटी ४५ ची रिम काढून ७ इंचांची ईटी ३५ ची रिम बसवली. तर चाकाची बाहेरची कड सुमारे २३ मि.मी. बाहेर येते आणि आतली कड जवळपास ३ मि.मी. आत जाते. मूळ उंचीच्या गाडीत हे कदाचित खपून जाते. खाली आणलेल्या गाडीत मात्र चाक आणि मडगार्ड यांच्यातील जागा आधीच आटलेली असते. खड्ड्यात चाक वर उसळले की मडगार्डची पत्र्याची कड टायर कापू लागते.

रिमच्या बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास गाडीच्या हबशी तंतोतंत जुळला पाहिजे. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची कडी बसवून घ्यावी, अन्यथा वेगात स्टिअरिंग थरथरते.

भार आणि वेग

मापानंतर ८८एच असे लिहिलेले असते. ८८ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची क्षमता. २०५/४५ आर १७ मापाचे साधे टायर ८४ भारांकाचे, म्हणजे ५०० किलोंचे असतात. प्रत्येक चाकामागे ६० किलो, चार चाकांवर २४० किलो क्षमता कमी होते. म्हणून मूळ टायरइतकाच किंवा त्याहून अधिक भारांक असलेला, अर्थात ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारचा टायर मागून घ्यावा आणि त्याला लागणारा हवेचा वाढीव दाब विक्रेत्याकडून लिहून घ्यावा.

कमी उंचीचा टायर कमी हवेवर चालवणे धोक्याचे असते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमट्यात टायरची बाजू सापडते आणि आतले धागे तुटतात. बाहेरून सुरुवातीला काही दिसत नाही. नंतर तेथे फुगा येतो. किन्हवलीच्या रस्त्यावर झालेली ही इजा दुसऱ्या दिवशी समृद्धीवर, ताशी १२० च्या वेगात टायर फुटून उघड होऊ शकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

पावसाळ्यात आणखी एक मुद्दा येतो. टायर जितका रुंद तितके त्याच्याखालून पाणी बाजूला सारणे कठीण, आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. कसारा आणि माळशेज येथील पावसाचा जोर पाहता अकारण रुंदी टाळणेच श्रेयस्कर. नक्षीची खोली १.६ मि.मी. ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. पावसाळ्याला सामोरे जाताना ती याहून बरीच जास्त असावी.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या बदलांसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल भरपाईच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. त्यामुळे त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप निवडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

निवडीचा क्रम

प्रथम गाडी किती खाली आणायची ते ठरवावे आणि ते नेहमीच्या रस्त्यावरील सर्वांत उंच गतिरोधक मोजून ठरवावे. स्प्रिंग कापू नयेत. कापलेली स्प्रिंग चाक खाली लोंबताच बैठकीतून सुटू शकते. त्यानंतर मूळ व्यास राखणारे माप, मग भारांक आणि शेवटी रिमची रुंदी व ऑफसेट पाहावा. जुने टायर घेताना बाजूवरील चार अंकी आकडा वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, कारण खाली आणलेल्या गाडीची चाके वरून आत कलतात आणि टायरची आतली कड लपूनछपून झिजत राहते.

पैसे चुकते करण्यापूर्वी गाडीत पाच जण बसवावेत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे आणि एखाद्या उभ्या गतिरोधकावरून गाडी सावकाश न्यावी. कुठेही घासल्याचा आवाज आला तर चाके परत करावीत.