पुलगावच्या गाठी आणि आपल्या पोत्यातली साखर



ऊस वजनकाट्यावर उतरला, पावती खिशात पडली, की आपले काम संपले असे आपण समजतो. त्या उसाची साखर पुढे कोणाच्या कढईत जाते हे पाहायला कोण जातो? म्हणून होळीच्या तोंडावर आम्ही सात-आठ सभासद पुलगावला गाठी करणाऱ्या एका घरी जाऊन आलो. कारखाना म्हणावे तर मागच्या पडवीतली एक भट्टी, दोन कढया आणि घरची सहा माणसे. आजोबांपासूनचा धंदा. आपल्या विदर्भात होळीला पोरांच्या गळ्यात गाठी पडते आणि पाडव्याला गुढीवर चढते, त्यामुळे या घराचा हंगाम म्हणजे जेमतेम दीड महिना.

साखर पाण्यात विरघळली की कढईत थोडे दूध टाकतात. दुधाबरोबर साखरेतला मळ फेसासारखा वर येतो, तो झाऱ्याने काढायचा. पाक एकतारी, दोनतारी होत गोळीबंद झाला, म्हणजे थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी वळू लागली, की कढई खाली. मग घोटणे. घोटता घोटता काचेसारखा पाक दुधी होतो आणि लगेच खाचा पाडलेल्या सागवानी साच्यांत ओततात. आत दोरा आधीच ताणून ठेवलेला असतो. पंधरा मिनिटांत माळ तयार! आमच्यातले एक जण मध्येच काही विचारायला गेले, तर घरच्या बाई म्हणाल्या, "थांबा जी, पाकाले वाट पाहाची सवय नाही."

पाक दुधी होतो तो कण धरतो म्हणून. आपल्या पॅनमध्ये साखर धरते तोच हा प्रकार. पण कढईतच कण धरला तर सगळा घाण्याचा घाणा वाया. त्यासाठी लिंबाचे चार थेंब. उसातली साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी आहे. आंबट आणि उष्णता मिळाली की थोड्या जोड्या फुटतात, आणि फुटलेली साखर लवकर कण धरू देत नाही. लिंबू जास्त झाले तर गाठी चिकट राहते. रंगीत गोळीत तर कण अजिबात नको असतो. म्हणून तिथे मक्याच्या स्टार्चपासून केलेले पातळ ग्लुकोज घालून पाक १४५ ते १५० अंशांपर्यंत आटवतात. त्यात पाणी दोन-तीन टक्केच उरते. अशी गोळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून तिला कागद लागतो.

आता आपल्याकडे या. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की हीच जोडी उसातच फुटते. जे त्या बाईंना चार थेंबांपुरते हवे, ते आपण गाडीभर घेऊन येतो! शिवाय जंतू डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस गाळायला जड जातो, साखरेचा कण लांबट होतो आणि जास्त साखर मळीत जाते. बाईंनी तोंडावर सांगितले, "तुमची साखर टाकली का फेस लय येते जी, दूधही जास्त लागते." त्या आता बाहेरची शुद्ध साखर घेतात. ऐकून आम्ही खाली पाहिले. पाचट आणि माती आपणच मोळीत बांधून पाठवतो, दोष गव्हाणीला कसा द्यावा?

गोळ्या आपणच का करू नयेत, असा प्रश्न परतताना गाडीत निघाला. हे झालेले आहे. मालेगावजवळ रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि पुढे १९४० च्या दशकात तिथे गोळ्या सुरू झाल्या. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' कोणी खाल्ली नाही? कुटुंबाने हा व्यवसाय अनेक दशके चालवला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नावे आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकल्या गेल्या. कच्चा माल, इंधन, मजुरी वाढत गेली, स्पर्धाही वाढली, आणि रुपयाची गोळी दीड रुपयाला विकता येत नाही. म्हणजे गोळी केली की पैसा, असे सरळ गणित नाही.

तरीही नुसती साखर विकण्याचे गणित पाहा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला रास्त व किफायतशीर दर टनाला ३,४०० रुपये होता. त्या टनातून साखर निघते १०२.५ किलो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. त्या दराने होतात ३,१७७ रुपये ५० पैसे. उसाची किंमतसुद्धा सुटत नाही, गाळपाचा खर्च तर पुढेच. बाजारभाव किमान दराच्या वर असतो आणि मळी, बगॅसचे चार पैसे मिळतात, म्हणून गाडा चालतो. चोख साखरेला मिठाईवाले क्विंटलमागे थोडे जास्त मोजतात. गोळीपेक्षा ते पैसे आपल्या हाताशी जवळ आहेत, असे आमचे मत.

निघताना बाईंनी एक-एक गाठी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ताज्या उसाची वेगळी काढलेली साखर असेल तर एक पोते पाठवा, कढईत टाकून सांगते. पोते शेतकी खात्यामार्फत पाठवायचे ठरले आहे. फेस किती आला ते पुढच्या अंकात कळवू.