मोरचूद, चुना आणि टाकीतला शिंपला

परदेशातल्या रीफ टाक्यांमधला निळ्या-हिरव्या झालरीचा जायंट क्लॅम मोबाइलवर पाहिला की आपल्याही टाकीत एक असावा, असं वाटतंच. 'शिंपलाच तर आहे, कुठूनही आणता येईल,' हा त्यावरचा पहिला गैरसमज. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर वाढणाऱ्या ट्रायडॅक्ना मॅक्झिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. परदेशी मालाचंही तेच. हे सगळं कुळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या यादीत आहे. दुकानदार 'शेतीतला माल आहे' म्हणाला, तर आधी परवाना दाखवायला सांगा. पुढचं वाचायचं ते अशा कागदोपत्री रीतसर क्लॅमसाठी, किंवा तो पाळणाऱ्या परदेशातल्या भाच्याला सांगण्यासाठी.

'क्लॅमला उजेड दिला की झालं, खायला लागत नाही.' हे अर्धंच खरं. त्याच्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात साखर बनवून त्याला पोसतं. पण त्या शैवालाला नायट्रोजन लागतो आणि तो पाण्यातल्या अमोनिया-नायट्रेटमधून मिळतो. नायट्रेट शून्यावर आणून पाणी चकचकीत ठेवणारा मालक क्लॅमला उपाशी ठेवत असतो.

'आ वासून बसलाय म्हणजे खूश आहे.' उलट आहे. पाणी आत घेण्याचं भोक ताणून उघडं पडलंय आणि झालर कवचाच्या कडेपासून आत सरकलीय, तर काहीतरी बिघडलंय. टाकीवरून हात फिरवा. झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. सावली पडताच निरोगी क्लॅम झटकन अंग आवरतो. दगडाला चिकटलेला क्लॅम मात्र ओढून काढू नका. त्याला धरून ठेवणारे धागे मुळापासून तुटले की तो बहुधा वाचत नाही.

आता चुना. कॅल्शियम कमी पडलं की खडू किंवा अंड्याची टरफलं टाकणारे आहेत. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. त्यात ती जवळपास विरघळतच नाहीत, नुसती तळाशी पडून राहतात. चुन्याची निवळी मात्र रीफवाले खरंच वापरतात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखायला ती उपयोगी पडते. त्यासाठी चुना शुद्ध हवा, पानाच्या डबीतला नको, आणि निवळी थेंबाथेंबाने सोडायची. तिचा सामू १२ च्या पुढे असतो. पेलाभर एकदम ओतली तर टाकी संपली.

आमच्या पिंपळगावसारख्या द्राक्षाच्या गावात याहून मोठा धोका मोरचुदाचा. द्राक्षावर डावणी रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं शिंपल्यांना विष आहे, अगदी थोडंसुद्धा. बोर्डोची बादली कितीही घासली तरी टाकीच्या पाण्याला वापरू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबं असतं. मासा बरा होतो, शिंपला मरतो, आणि तांबं वाळू-दगडात मुरून राहतं.

वैशाखात टाकीचं पाणी भराभर उतरतं. तेव्हा मिठाचं पाणी भरू नका. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. आरओचं गोडं पाणी घाला आणि घनता १.०२५ वर ठेवा. पृष्ठभागावर साधा पंखा सोडला की आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंश खाली येतं. कोकणातल्या दमट हवेत तो इतका कामाला येत नाही.

'मग गोड्या पाण्याच्या टाकीत नदीतला शिंपला आणू, पाणीही गाळून देईल.' त्यातही घाई नको. गोदा-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, रामसर स्थळही. तिथून काहीच उचलायचं नाही. इतरत्र मिळाला तरी तो पाण्यातल्या शैवालावर आणि जिवाणूंवर जगतो, स्वच्छ काचेच्या टाकीत हळूहळू खंगतो. त्याची पिल्लंही टाकीभर होत नाहीत. अळ्यांना वाढायला माशाच्या कल्ल्यांना चिकटावं लागतं. वाळूत पुरलेला मेला तर दिसतही नाही आणि त्याच्या अमोनियाने मासे जातात. म्हणून अधूनमधून उकरून बघा. बोट लावल्यावर शिंपला मिटला नाही, तर तो काढा आणि त्याच दिवशी निम्मं पाणी बदला.