बेळगावात ऊन, आंबोलीत धो धो

पावसाळा सुरू झाला की आमच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो : "रविवारी आंबोलीला जाऊया का? मोबाईलवर तर बेळगावला ऊन दाखवतंय." पण बेळगावच्या उन्हावरून आंबोलीचा अंदाज कसा लागणार? बेळगावात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, तर 65-70 किलोमीटरवरच्या आंबोलीत सुमारे 7000. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अथणीत जेमतेम 500 ते 600! मोसमी वारा मात्र तिन्हीकडे तोच.

हा सगळा खेळ सह्याद्रीच्या भिंतीचा. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सावंतवाडीच्या पुढे थेट कड्यावर आदळतो. मग थोडक्या अंतरात त्याला सहा-सातशे मीटर वर चढावं लागतं. वर जाताना हवा प्रसरण पावून गार होते, आणि गार हवेत बाष्प कमी मावतं. उरलेलं आपल्या डोक्यावर! घाटात बघता बघता समोरचा रस्ता दिसेनासा होतो तो यामुळेच. माथा ओलांडून हवा पूर्वेला उतरली की दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात.

मोबाईल इथे का फसतो, हे आम्हा संगणकवाल्यांना लवकर पटतं. अंदाज काढणारं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं. भारतीय हवामान विभागाच्या जागतिक मॉडेलचा चौकोन पूर्वी 12 किलोमीटरचा होता, मे 2025 मध्ये 6 किलोमीटरचं नवं मॉडेल आलं. सुधारणा मोठीच, पण उभा कडा एवढ्या चौकोनाच्या सरासरीत गुळगुळीत होऊन जातो. फोटो लहान केला की चेहऱ्यावरचा तीळ जातो, तसंच. म्हणून सहलीआधी बेळगावचं चित्र सोडा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याला केशरी किंवा लाल इशारा आहे का, ते पाहा.

सहल पुढे ढकलता येते, घर ढकलता येत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये चिकोडी-अथणी भागातल्या कृष्णाकाठच्या गावांत पाणी शिरलं, ते मुख्यतः सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाचं. माझी मावशी त्याच काठावर राहते. जुलै-ऑगस्टमध्ये तिचा फोन आला की ती आधी विचारते, "कोयनेचे दरवाजे किती उघडलेत रे?" तिच्या अंगणात तेव्हा कपडे वाळत असतात.