तेल-चूषण नळी, एंजिनातील
मोटारगाडीच्या एंजिनाच्या तळाशी असलेल्या द्रोणीतील वंगण तेल पंपापर्यंत नेणारी नळी. हिच्या खालच्या टोकास जाळीची गाळणी बसविलेली असते. गॅरेजमध्ये द्रोणीस ‘चेंबर’ व जाळीसह नळीस ‘स्ट्रेनर’ म्हणतात. नळीचे तोंड तेलाबाहेर उघडे पडल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो व धारव्यांना (फिरत्या दंडांना आधार देणाऱ्या भागांना) वंगण मिळेनासे होते. हा तेल-तुटवडा टाळण्यासाठी शर्यतीच्या व तीव्र वळणांवर वेगाने चालविल्या जाणाऱ्या गाड्यांत नळी व द्रोणी यांच्या रचनेत फेरफार करतात.

तेलपटलाचे महत्त्व : भुजादंड धारव्यात फिरत असताना धातूवर धातू घासत नाही, दोहोंमध्ये तेलाचे पातळ पटल असते. बीचम टॉवर यांनी 1883 मध्ये रेल्वेच्या आसांच्या धारव्यांवरील प्रयोगांत या पटलात मोठा दाब उत्पन्न होतो असे दाखविले व ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी 1886 मध्ये त्याची गणितीय उपपत्ती मांडली. 50 मिमी. व्यासाच्या दंडाभोवती धारव्यात साधारणतः 0.05 मिमी. इतकीच फट ठेवतात. ही फट तेलाने सतत भरलेली राहिली, तरच पटल टिकते. वेगाने फिरणाऱ्या एंजिनात पुरवठा काही सेकंद जरी खंडित झाला, तरी धारव्याचा मऊ थर तापून पुसला जातो, संयोगदांड्याचे धारवे निकामी होतात व पुष्कळदा भुजादंडही खराब होतो.

तुटवड्याची कारणे : गाडी वळताना, वेग वाढविताना किंवा ब्रेक लावताना द्रोणीतील तेल एका बाजूस चढते. तेलाचा पृष्ठभाग क्षितिजाशी जो कोन करतो, त्याची स्पर्शज्या (टॅन) ही गाडीचा प्रवेग व गुरुत्वीय प्रवेग यांच्या गुणोत्तराइतकी असते. 50 मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी 72 किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीचा वळणाच्या केंद्राकडील प्रवेग सेकंदाला प्रतिसेकंद 8 मी. असतो; त्यामुळे तेलाचा पृष्ठभाग सुमारे 39° कलतो. प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका झाल्यास हा कोन 45° होतो. अशा वेळी उथळ व रुंद द्रोणीत नळीचे तोंड उघडे पडणे सहज शक्य असते. वळण जितके लांब, तितका धोका अधिक. कारण मिनिटाला 30 लि. तेल उपसणारा पंप दर सेकंदास अर्धा लिटर तेल ओढतो आणि एंजिनाच्या वरच्या भागात गेलेले तेल द्रोणीत परतण्यास वेळ लागतो.

याखेरीज जाळी गाळाने तुंबणे, नळीच्या सांध्यावरील रबरी कडे कडक होऊन हवा आत शिरणे व कंपनांमुळे नळीचा झाळलेला सांधा तडकणे ही कारणेही आढळतात. तेव्हा फेरफार करण्यापूर्वी मूळ भाग निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

तेलदाबाच्या इशारादीपावर विसंबून चालत नाही. तो सामान्यतः दाब सुमारे 0.3 ते 0.5 बारपर्यंत उतरल्यावरच लागतो. उच्च वेगात धारव्यांना मात्र याच्या कित्येक पट दाब आवश्यक असतो. म्हणून दीप लागेपर्यंत हानी होऊन गेलेली असू शकते. वळणावर दाबमापकाचा काटा क्षणभर खाली येणे ही अधिक विश्वसनीय पूर्वसूचना होय.

फेरफाराचे प्रकार : सर्वांत सरळ उपाय म्हणजे नळीचे तोंड तेल साचते तेथे नेणे. ॲलेक इसिगोनिस यांनी अभिकल्पिलेली व 1959 साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने बाजारात आणलेली मिनी ही गाडी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. हिचे एंजिन आडवे बसविलेले असून दंतचक्रपेटी द्रोणीतच सामावलेली आहे. त्यामुळे वळणावर तेल भुजादंडाच्या लांबीच्या दिशेने सरकते. स्पर्धेसाठीच्या मिनीत नळीचे तोंड मध्यभागी आणणारी वेगळी नळी बसविण्याचा प्रघात पडला. मध्यावरील तेलाची पातळी दोन्ही बाजूंच्या वळणांत टोकांपेक्षा कमी बदलते, हे यामागील तत्त्व होय.

दुसरा उपाय नळीचा व्यास वाढविण्याचा आहे. पंप स्वतः तेल वर खेचीत नाही. वातावरणीय दाब ते त्याच्याकडे ढकलतो व हा दाब जेमतेम 1 बार असतो. तेल थंड असताना त्याची श्यानता (दाटपणा) फार असते. नळीतील संथ प्रवाहास होणारा रोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने व्यास 16 मिमी. वरून 19 मिमी. केल्यास रोध जवळजवळ निम्मा होतो. तथापि रुंद नळी उघडी पडली, तर ती हवाच अधिक ओढते. म्हणून हा उपाय एकट्याने पुरेसा ठरत नाही.

तिसरा उपाय तेलास रोखून धरण्याचा आहे. नळीभोवती पत्र्याचे कप्पे करून त्यांना एकाच दिशेने उघडणारी बिजागरीची दारे बसवितात. तेल आत येते, परंतु बाहेर सहज जात नाही. भुजादंडाखाली आडवा पत्रा बसविल्यास तेल घुसळून फेस होणेही कमी होते.

जुळवणीतील दक्षता : नळीचे तोंड द्रोणीच्या तळापासून सामान्यतः 6 ते 10 मिमी. उंच ठेवतात. अंतर फार कमी झाल्यास तेलाचा मार्ग अडतो. वर्तुळाकार तोंडाच्या कडेखालील वाट तोंडाच्या क्षेत्रफळाहून कमी असू नये, यासाठी हे अंतर तोंडाच्या व्यासाच्या किमान एक-चतुर्थांश असावे लागते. ते मोजण्यासाठी जाळीखाली मऊ मातीचा गोळा ठेवून द्रोणी गास्केटसह बसवितात व पुन्हा काढून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजतात. लांब केलेल्या नळीस एंजिनाच्या ठोकळ्याशी आधारपट्टीने जखडावे लागते, अन्यथा कंपनांनी ती तुटते. वितळजोडानंतर आतील खडे काढून सांधा हवाबंद असल्याची परीक्षा घेतात.

द्रोणीत प्रमाणाबाहेर तेल भरणे हा उपाय नव्हे. पातळी भुजादंडापर्यंत पोहोचल्यास तेलाचा फेस होतो आणि पंपात पुन्हा हवाच जाते.

मर्यादा : प्रवेग फार मोठा व दीर्घकाळ टिकणारा असल्यास द्रोणीतील नळीचे कोणतेही स्थान पुरत नाही. दाबाखाली तेल साठवून तुटवड्याच्या क्षणी ते धारव्यांकडे सोडणारा संचायक काही सेकंदांची उणीव भरून काढतो. पूर्ण उपाय कोरड्या द्रोणीच्या पद्धतीत आहे. हिच्यात एक वा अधिक पंप द्रोणीतील तेल सतत उपसून स्वतंत्र उंच टाकीत नेतात व दाबपंप त्या टाकीच्या तळातून तेल घेतो. उपसा-पंपांत तेलाबरोबर हवाही येत असल्याने त्यांची क्षमता दाबपंपाहून अधिक ठेवतात. 1964 पासून उत्पादनात आलेल्या पोर्श 911 या गाडीत ही पद्धत वापरली गेली. परंतु ती खर्चाची व गुंतागुंतीची असल्याने सामान्य मोटारगाडीत योग्य जागी, योग्य उंचीवर व हवाबंद बसविलेली चूषण नळीच एंजिनाचे रक्षण करते.