चांगुलपणाला चॉकलेट नको!

“दीड वर्षाच्या पोराला काय कळतंय, डॉक्टर? फटक्याशिवाय सुधारत नाही!” असे पालक मला नेहमी सांगतात. बरेच कळते! जर्मनीत वार्नेकेन व टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अठरा महिन्यांच्या मुलांसमोर कपड्यांचा चिमटा पडल्याचे, कपाट उघडत नसल्याचे नाटक केले. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी आपणहून मदत केली. २००८ साली त्यांनाच असे आढळले, की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली.

तेव्हा बाळाने चमचा आणून दिला, तर चॉकलेट नको; जवळ घ्या. चावले, तर “ताईला दुखलं बघ” असे दाखवा. फटका भीती शिकवतो. दुसऱ्याचे दुखणे ओळखायला शिकवत नाही.